श्रमाचे शास्त्र आणि जातीचे माप

माझे वडील लातूरच्या आडत बाजारात हमाल होते. क्विंटलचे पोते पाठीवर घ्यायचे, फळीवरून ट्रकमध्ये चढायचे, थप्पी लावायची आणि संध्याकाळी टोळीच्या वाटणीतले पैसे घेऊन घरी यायचे, असा त्यांचा दिवस असे. मी नांदेडच्या एका महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. औद्योगिक मानसशास्त्र शिकवताना 'अर्गोनॉमिक्स' नावाचे एक प्रकरण येते. पहिल्या वर्षी ते शिकवले आणि त्यातला एक आकडा घेऊन मी सुटीत घरी गेलो. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९१ साली ओझे उचलण्याचे सुधारित सूत्र मांडले. त्या सूत्राप्रमाणे सगळी परिस्थिती अनुकूल असली, म्हणजे ओझे अंगाजवळ असले, कंबर वळवावी लागत नसली, वारंवार उचलावे लागत नसले, तरी शिफारस केलेली मर्यादा २३ किलोची आहे. परिस्थिती बिघडली की मर्यादा आणखी खाली येते.

वडिलांना हे सांगितले. ते हसले. म्हणाले, "तेवीस किलू? आरं, तेवढं तर तुझी माय रोज डोईवर पानी आनत व्हती!"

आई चुलीपुढे बसली होती. ती काही बोलली नाही. मी मनातल्या मनात हिशेब केला. पंधरा लिटरचा हंडा आणि त्यावर आठ लिटरची कळशी. तेवीस किलो बरोबर भरले.

वडिलांच्या त्या हसण्याचा अर्थ लावायला मला पुढची काही वर्षे लागली. त्यात शास्त्राची चेष्टा होती, तसा अभिमानही होता. आणि आपल्या शरीरासाठी एखादे शास्त्र असू शकते यावर मुळीच विश्वास नसणेही होते. हा लेख त्या अविश्वासाविषयी आहे. तो त्यांनी कुठून आणला, हे मला शोधायचे आहे.

प्रथम हे शास्त्र काय म्हणते ते पाहू. 'एर्गोन' म्हणजे काम आणि 'नोमोस' म्हणजे नियम, या दोन ग्रीक शब्दांपासून पोलंडमधील शास्त्रज्ञ वोइचेख यास्त्शेंबोव्स्की यांनी १८५७ साली हा शब्द घडवला. स्वतंत्र अभ्यासशाखा म्हणून ती वाढली मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४९ साली इंग्लंडमध्ये तिच्यासाठी अभ्यासकांची संस्था निघाली. तिचे मूलतत्त्व एका वाक्यात सांगता येते : माणसाला कामाच्या मापाचा करू नका, कामाला माणसाच्या मापाचे करा.

युद्धकाळातले एक उदाहरण मी वर्गात नेहमी देतो. अमेरिकेची काही बॉम्बफेकी विमाने धावपट्टीवर सुखरूप उतरत आणि मग वैमानिक पंखांच्या झडपा मिटण्याऐवजी चाकेच वर ओढून घेत. विमान पोटावर आपटे. कागदोपत्री नोंद होई : वैमानिकाची चूक. अल्फॉन्स चपानिस या मानसशास्त्रज्ञाने पाहिले की दोन्ही कामांचे खटके शेजारीशेजारी आहेत आणि हुबेहूब सारखे आहेत. थकलेल्या माणसाचा हात चुकणारच. त्याने एका खटक्याला चाकाच्या आकाराची मूठ बसवली आणि दुसऱ्याला पंखाच्या झडपेच्या आकाराची. बोटांना न बघताच फरक कळू लागला.

या गोष्टीचे मोल केवळ युक्तीत नाही. 'माणूस चुकला' असे म्हणून फाइल मिटवण्याऐवजी कुणीतरी 'खटका चुकला' असे म्हटले, यात आहे. आता आडत बाजारात या. फळीवर हमालाचा गुडघा वाकला, पोत्यासकट तो खाली आला, तर काय म्हणतात? "गडी कच्चा निघाला." पोते जड निघाले, फळी अरुंद निघाली, असे कुणी म्हणत नाही. वैमानिकाची चूक खटक्यावर गेली. हमालाची मात्र हमालावरच राहिली. असे का?

इथे संस्कृतीचा प्रश्न येतो. या शास्त्राच्या अभ्यासकांनाही तो जाणवला होता. चपानिस यांनीच १९७५ साली, मानववंश आणि संस्कृती यांतील भेदांचा यंत्ररचनेशी काय संबंध येतो यावरच्या लेखांचा ग्रंथ संपादित केला. आपल्याकडे दिव्याचे बटण खाली दाबले की दिवा लागतो, अमेरिकेत वर केले की लागतो. उर्दू वाचणाऱ्याची नजर उजवीकडून डावीकडे जाते, मराठी वाचणाऱ्याची डावीकडून उजवीकडे. आलँ विस्नर या फ्रेंच अभ्यासकाने एका देशातले यंत्र दुसऱ्या देशात नेताना तिथला माणूस, त्याचे हवामान, त्याची राहणी यांचाही विचार झाला पाहिजे असे मांडले आणि या विचाराला 'मानवतंत्रशास्त्र' अशा अर्थाचे नाव दिले.

हे सारे मोलाचेच आहे. पण या अभ्यासांत संस्कृती बहुतेक वेळा देशाच्या सरहद्दीपाशी बदलते. आपल्याकडे ती गावच्या वेशीपाशी बदलते. एकाच गावात, एकाच हवेत, एकाच भाषेत वाढलेल्या दोन माणसांपैकी कुणी कोणत्या अवजाराला हात लावायचा, कुणी डोक्यावर काय वाहायचे आणि कुणाचे दुखणे हे दुखणे मानायचे, हे जन्माआधीच ठरलेले असते. जात म्हणजे केवळ श्रमांची विभागणी नव्हे, श्रम करणाऱ्या माणसांचीच ती उतरंडीने केलेली विभागणी आहे, हा विचार बाबासाहेबांनी १९३६ साली जातिसंस्थेच्या निर्मूलनावरील आपल्या गाजलेल्या प्रबंधात मांडला. माझ्या विषयाच्या भाषेत तो असा सांगता येईल : अर्गोनॉमिक्स काम माणसाला जुळवू पाहते; जातीने माणूस कामाला जुळवून ठेवला होता, आणि तोही त्याला न विचारता.

याचा सगळ्यात बोलका पुरावा मुंबईच्या कापड गिरण्यांत मिळतो. विणखात्यात, कामगारांच्या बोलीत साचेखात्यात, धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून तिच्या सुताचे टोक धोट्याच्या बारीक छिद्रातून बाहेर काढावे लागे. झटपट उपाय एकच : धोटा तोंडाला लावायचा आणि सूत ओढून घ्यायचे. दिवसभरात हे कितीतरी वेळा करावे लागे, आणि एका धोट्याला अनेकांची तोंडे लागत. याच कारणाने सवर्ण कामगारांनी अस्पृश्यांना साचेखात्यात येऊ दिले नाही. साचेखात्यात मजुरी अधिक होती. आमची माणसे कमी मजुरीच्या कताईकडे ढकलली गेली. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठामपणे ठेवला. कामगारांच्या एकजुटीची भाषा बोलणाऱ्यांना आपल्याच साचेखात्याचे दार बंद आहे हे दिसत नव्हते.

आता हेच अर्गोनॉमिक्सच्या नजरेने बघा. तोंडाने ओढायचा धोटा हा मुळातच सदोष होता. सुताची धूळ फुप्फुसात जाई, एकाचा रोग दुसऱ्याला लागण्याची भीती असे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ साली त्याला बंदी केली; इंग्लंडच्या लँकेशायरमध्ये ती यायला १९५२ उजाडले. हाताने सूत ओवता येईल असा धोटा माणसाला माहीत होता. म्हणजे अवजार बदलले असते तर सवर्ण कामगारांचा आरोग्य वाचला असता आणि अस्पृश्यांना अडवायला निमित्तही उरले नसते. पण एकमेकांची थुंकी चालवून घेऊन रोग पत्करणे सोपे वाटले. आमची थुंकी चालवून घेणे शक्य झाले नाही. संस्कृती कामाला आकार देते ती अशी. उद्या एखाद्या परीक्षकाने त्या काळच्या गिरणीची पाहणी करून 'अस्पृश्य कामगार कताईत बरे, विणाईत त्यांचे कौशल्य दिसत नाही' असा निष्कर्ष काढला असता, तर तो आकड्यांनी खरा आणि अर्थाने साफ खोटा ठरला असता. ज्याच्या हातात धोटाच येऊ दिला नाही, त्याचे कौशल्य मोजणार कशाने?

१९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतील दलित कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी हाच मुद्दा रेल्वेलाही लावला. आमचा माणूस जन्मभर गँगमनच राहतो. त्याला साधा पोर्टरसुद्धा करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचीही कामे करावी लागतात, अशा आशयाचे ते बोलले. नांदेडहून मनमाडला जाणाऱ्या रुळांवरून आपण आजही जातो. रूळ उचलणारा आणि हिरवा बावटा दाखवणारा यांच्या शक्तीत वा बुद्धीत फरक नव्हता. फरक होता तो कुणाच्या हातचे पाणी चालते यात.

आता पोत्याकडे येतो. पोते शंभर किलोचे का असावे? शंभर किलो मानवी पाठीला सोसते असे कुठल्या वैद्याने सांगितले होते? कुणीही नाही. भाव क्विंटलवर असतो, मापाड्याला हिशेब सोपा जातो, बारदान कमी लागते. पोत्याचे माप पाठीवरून नव्हे, वहीवरून ठरले. १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम ३४ आले : इजा होईल इतके जड ओझे कामगाराला उचलायला लावू नये. १९६७ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवली. पण मोंढा म्हणजे कारखाना नव्हे, आणि जिनिव्हातली शिफारस फळीपर्यंत पोचत नाही. पोचली ती संघटना. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला तो माथाडींच्या लढ्यामुळे. आणि पोते पन्नास किलोचे करा ही मागणी पुण्याच्या हमाल पंचायतीने, बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली, लावून धरली. जे शास्त्राच्या पुस्तकात होते ते हमालांनी रस्त्यावर उतरून मागितले.

आज पन्नास-साठ किलोचा कट्टा सर्रास दिसतो. एवढ्याने प्रश्न सुटला का? कट्टे आले तेव्हाचे वडील सांगतात : "पोरं दोन-दोन कट्टे घेऊ लागली." मजुरी क्विंटलवर होती, ट्रक लवकर भरायचा होता, आणि दोन कट्टे घेणाऱ्याला बाजार 'वाघ' म्हणत होता. पोत्याचे माप बदलले. मजुरीचे बदलले नाही, आणि शाबासकीचेही नाही. ही शाबासकी फार स्वस्तात मिळणारी वस्तू आहे. ती देणाऱ्याचे काही जात नाही, घेणाऱ्याची कंबर जाते. माझे वडीलही त्या शाबासकीवर पोसले गेले, म्हणून ते हसले. इथे आपणही आपल्याकडे बघितले पाहिजे. 'आमची माणसे काटक, आम्हाला काही होत नाही' हे वाक्य आपण अभिमानाने बोलतो. पण ते मूळचे आपले नाही. ते आपल्याकडून काम करून घेणाऱ्याचे आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. मोंढ्यात हमाली करणारे सगळेच दलित नाहीत. मुसलमान आहेत, ओबीसी आहेत, कोरडवाहू शेती बुडालेल्या मराठ्यांची पोरेही आहेत. पोते त्यांच्या पाठीवरही तेवढेच जड असते. म्हणूनच हा लढा एका जातीचा नाही. पण शरीराला किंमत न देण्याची जी सवय या समाजाला लागली, ती आमच्या शरीरांवर लागली. आता ती गरीब दिसेल त्याला लागू पडते.

वडिलांच्या वाक्यात आई होती, तिच्याकडे वळतो. शेतात पुरुषाची अवजारे बघा : नांगर, तिफण, कोळपे. ती उभ्याने चालवायची. बाईचे अवजार बघा : खुरपे, विळा. ते बसून वा वाकून चालवायचे. बाईने नांगर धरायचा नाही हा संकेत कुठल्या शरीरशास्त्रातून आलेला नाही. कॅलिफोर्नियातल्या मळ्यांत मेक्सिकन वंशाच्या मजुरांना आखूड दांड्याची कुदळ वापरावी लागे. दिवसभर कमरेत वाकून त्यांच्या पाठी कायमच्या जात. लांब दांड्याने पिकाची नासधूस होईल असे मळेवाले सांगत. मजुरांचे म्हणणे वेगळे होते : आखूड दांड्यामुळे कोण काम करतो आणि कोण थांबला ते मुकादमाला लांबूनच कळते, कारण थांबलेला माणूस ताठ उभा राहतो. १९७५ साली ती कुदळ बंद झाली, आणि मळे काही ओस पडले नाहीत. आपल्याकडे परभणीच्या कृषी विद्यापीठात स्त्रियांचे काबाडकष्ट कमी करणाऱ्या अवजारांवर काम झालेले आहे. पण बांधावर लांब दांड्याचे, चाकाचे अवजार आले की ते पुरुषाच्या हातात जाते आणि खुरपे बाईच्या हातात राहते, हे मी स्वतः पाहिले आहे.

ऊसतोडीत तर भाषेनेच हिशेब सांगून टाकला आहे. बीडप्रमाणे नांदेड-लातूरच्या डोंगराळ तालुक्यांतूनही टोळ्या जातात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात. उचल कोयत्यावर मिळते. माणसे दोन, मोजणी अवजाराची, आणि त्यात बाई वेगळी दिसतच नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली एवढा पुढे आला की शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, तर पिशवीच काढून टाका! माणसाला कामाच्या मापाचा करणे म्हणजे काय, याचे याहून भयंकर उदाहरण मला माझ्या कुठल्याच पाठ्यपुस्तकात सापडलेले नाही.

मग सगळी अवजारे सुधारली की झाले का? इथे या शास्त्राची मर्यादाही सांगितली पाहिजे. १९५७ साली केंद्राने नेमलेल्या मलकानी समितीने सफाई कामगारांच्या स्थितीची पाहणी केली आणि डोक्यावरून मैला वाहण्याऐवजी हातगाड्या द्याव्यात असा आग्रह धरला. हेतू चांगला होता. पण डोक्यावरची टोपली गाडीत गेली तरी गाडी ढकलणारी जात तीच राहिली. हाताने मैला उचलण्याला कायद्याने बंदी व्हायला १९९३ उजाडले, आणि २०१३ साली पुन्हा नवा, अधिक कडक कायदा करावा लागला. काही कामे सोयीची करायची नसतात, ती बंदच करायची असतात. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेली जनावरे ओढू नका असे सांगितले. ओढायला अधिक चांगला दोर द्या, असे सांगितले नाही.

आता माझ्या वर्गाविषयी, कारण शिक्षकांनी हे वाचावे अशी माझी इच्छा आहे. दोन वर्षांपूर्वी एक मुलगा मागच्या बाकावर रोज पेंगायचा. त्याचे अक्षर वेडेवाकडे, उत्तरे अर्धवट. मी त्याला सगळ्यांसमोर आळशी म्हणालो. तो म्हणाला, "सर, रात्री गाडी खाली करायला जातो. बोटं मिटत न्हाईत सकाळी." मी हमालाचा मुलगा, अर्गोनॉमिक्सचे प्रकरण मी त्याच आठवड्यात शिकवले होते. आणि तरीही मी 'माणूस चुकला' असेच म्हटले होते. वडिलांची बोटे सकाळी कशी असत, हे मला आठवायला हवे होते. पदवीने माझ्या पाठीवरचे पोते उतरवले, पण पोते उचलायला लावणाऱ्याची नजर माझ्याही डोळ्यांत आली होती.

त्यानंतर मी ते प्रकरण वेगळ्या रीतीने शिकवतो. मुलांना सांगतो, घरी जा आणि मोजा. आईची घागर, बापाचे पोते, मोळी, पाटी यांचे वजन करा. खुरप्याचा दांडा किती इंच आहे ते मोजा. दिवसातून किती वेळा वाकावे लागते ते लिहा. आणि प्रत्येक अवजारापुढे तीन प्रश्न लिहा. हे माप कुणी ठरवले? ठरवताना वापरणाऱ्याला विचारले होते का? आणि हे काम सुधारायचे आहे की थांबवायचे आहे? कार्यकर्त्यांनी हेच प्रश्न आपापल्या मोंढ्यात, साखर कारखान्यावर, नगरपालिकेत न्यावेत. मजुरीची मागणी करताना वजनाची मागणीही लिहावी. 'आम्हाला काही होत नाही' असे म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांना त्यांच्या गुडघ्यांविषयी विचारावे.

गेल्या दिवाळीत मी एका विद्यार्थिनीची वही घरी नेली होती. तिने आईच्या एका दिवसाचे पाणी मोजले होते : अकरा खेपा. वडिलांना वाचून दाखवले. या वेळी ते हसले नाहीत. खाली बसता येत नाही म्हणून ते आता खुर्चीवर बसतात. थोड्या वेळाने आईकडे बघून त्यांनी विचारले, "तुझ्या किती व्हायच्या गं?"

आई म्हणाली, "मोजल्या कुनी?"